सरकारी हायस्कूलमध्ये लॅटिन आणायचे असेल तर आधी वेळापत्रक बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका मराठी आईची मुलगी यंदा नववीत गेली. तिच्या सरकारी हायस्कूलमध्ये स्पॅनिश, फ्रेंच आणि मँडरिन शिकवतात. लॅटिन पूर्वी होते. शिकवणाऱ्या टीचर निवृत्त झाल्या आणि विषयही बंद पडला. जवळच्या खाजगी शाळेत मात्र सहावीपासून लॅटिन आहे. त्या विचारतात, "आम्ही दहा-बारा पालक मिळून बोर्डाकडे, म्हणजे इथल्या शाळामंडळाकडे, जायचे म्हणतोय. काय मागायचे, कसे मागायचे, आणि मुळात हे मागण्यासारखे आहे का? आणि आमच्या मुलीचे काय?"

मी इथल्या सरकारी शाळांत बरीच वर्षे लॅटिन शिकवते आहे. बंद पडलेला विषय पुन्हा उभा करायच्या खटपटीही जवळून पाहिल्या आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

मागण्यासारखे आहे, ताई. पण पालकांची पत्रे सहसा ज्या सुरात लिहिलेली असतात त्या सुरात मागू नका. इंग्रजीतले किती शब्द लॅटिनमधून आले, डॉक्टर-वकिलांना केवढा उपयोग, एसएटीत, म्हणजे कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत, किती गुण वाढतात, असे दोन पाने लिहून मग शेवटी मागणी. बोर्डावरचे सदस्य ऐकून घेतात, कौतुक करतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. लॅटिन चांगले की वाईट याबद्दल त्यांचे काही भांडण नसते. सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे शाळांच्या मुख्य प्रशासकाच्या, डोक्यात तीन गोष्टी असतात: शिक्षक कुठून आणू, त्याला दिवसाचे पाच तास कुठून देऊ, आणि तिसऱ्या वर्षी वर्गात सात मुले उरली तर त्या सातांसाठी पगार कसा समर्थनीय ठरवू. या तिन्हींची उत्तरे कागदावर घेऊन गेलात तर तुमचे पहिल्याच बैठकीत ऐकले जाईल.

लॅटिन मागे पडले ते कसे, हे थोडे माहीत असू द्या, कारण "मुलांनाच नको होते" हे वाक्य तुम्हाला ऐकवले जाणार आहे. १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांतली जवळपास निम्मी मुले लॅटिन शिकत. अर्थात तेव्हा हायस्कूलपर्यंत पोचणारी मुलेच थोडी. पुढे हायस्कूल सगळ्यांसाठी खुले होत गेले तसा लॅटिनचा वाटा घटला, तरी १९६२ मध्ये सुमारे ७ लाख मुले हा विषय घेत होती. १९७६ मध्ये उरली दीड लाखाच्या आसपास. मधल्या काळात काय झाले? १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, १९५८ च्या संरक्षण-शिक्षण कायद्याने परकीय भाषांसाठी पैसा ओतला तो आधुनिक भाषांसाठी, आणि विद्यापीठांनी प्रवेशासाठीची लॅटिनची अट एकेक करून काढून टाकली. अटीच्या आधारावर उभा असलेला विषय अट गेल्यावर बसला. नंतर शिक्षकांनीच पद्धती बदलून, गोष्टींची पाठ्यपुस्तके आणून त्याला पुन्हा उठवले. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत शालेय स्तरावर लॅटिन शिकणारी मुले सुमारे २ लाख १० हजार होती. त्याच पाहणीत स्पॅनिशची ७३ लाखांवर. हा आकडा बोर्डाला सांगायला हरकत नाही. विषय छोटा आहे, पण मेलेला नाही.

आता तुमच्या शाळेचे. तिथे लॅटिन नेमके कसे बंद पडले ते आधी शोधून काढा. बहुतेक ठिकाणी कहाणी तीच असते. टीचर वसंतात निवृत्तीचे पत्र देतात, जाहिरात उशिरा निघते, जूनपर्यंत एकही अर्ज येत नाही. मग विषय निवडायला मदत करणारे काउन्सेलर मुलांना स्पॅनिशकडे वळवतात, पुढच्या वर्षी 'लॅटिन १' लावतच नाहीत, आणि आधीची मुले पास होऊन गेली की विषय आपोआप संपतो. बोर्डाने 'लॅटिन बंद' असा ठराव केलेलाच नसतो. असे असेल तर तुमच्या पथ्यावरच पडले. डिस्ट्रिक्टची, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेची, 'प्रोग्राम ऑफ स्टडीज' पुस्तिका आणि बोर्डाने मंजूर केलेल्या अभ्यासक्रमांची यादी मागवून बघा. लॅटिनचा कोर्स कोड तिथे अजून जिवंत असेल तर नवा विषय मंजूर करून घ्यायची गरज नाही, फक्त माणूस नेमायचा आहे. नवा विषय आणि रिकामी जागा यांत प्रशासनाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

खरी लढाई मास्टर शेड्यूलवर, म्हणजे अख्ख्या शाळेच्या वेळापत्रकावर, होते, म्हणून यावर जरा थांबते.

समजा पूर्ण वेळ शिक्षकाला दिवसाला पाच वर्ग असतात. पहिल्या वर्षी तुमच्याकडे फक्त 'लॅटिन १' असणार. पन्नासेक मुले मिळाली तर दोन वर्ग. म्हणजे शिक्षकाची नोकरी पाचापैकी दोन हिश्शांची. तेवढ्यासाठी कोणीही घर बदलून येत नाही. दुसऱ्या वर्षी नवे दोन वर्ग आणि 'लॅटिन २' चा एक, फार तर दोन. तिसऱ्या वर्षी कुठे पाच भरतात. तेव्हा पहिली दोन वर्षे उरलेले तास कशाने भरायचे हे तुम्हीच सुचवायला हवे. तीन मार्ग आहेत. शिक्षकाकडे इंग्रजी किंवा सोशल स्टडीजचेही लायसन्स असणे. त्याने काही तास मिडल स्कूलमध्ये शिकवणे. किंवा दोन हायस्कुलांनी एक शिक्षक वाटून घेणे. तिसरा मार्ग कागदावर सर्वांत देखणा आणि प्रत्यक्षात सर्वांत वाईट. एका इमारतीतून दुसरीकडे जाण्यात एक तास जातो, शिक्षक कुठल्याच शाळेचा होत नाही, क्लब चालत नाही, आणि दोन वर्षांत तो दुसरी नोकरी शोधतो. मिडल स्कूलचा मार्ग पहिल्या पसंतीचा, कारण त्यातून पुढची मुलेही मिळतात.

दुसरी अडचण पालकांना दिसतच नाही. 'लॅटिन २' चा अख्ख्या शाळेत एकच वर्ग असतो. असे एकुलते वर्ग आणखीही असतात: ऑर्केस्ट्रा, एपी (कॉलेजच्या पातळीचे) केमिस्ट्री, रोबोटिक्स, कॉयर. संगणक वेळापत्रक बसवतो तेव्हा हे सगळे एकमेकांवर आदळतात. तिसऱ्या तासाला ऑर्केस्ट्रा आणि तिसऱ्याच तासाला 'लॅटिन २' आले, की व्हायोलिन वाजवणारी मुलगी लॅटिन सोडते. लॅटिन आणि ऑर्केस्ट्रा घेणारी मुले बरीचशी तीच असतात, त्यामुळे अशी सोडणारी एकटीदुकटी नसते. एका धडकेत वर्ग सव्वीसचा चौदावर येतो. मग अहवालात लिहिले जाते, 'विद्यार्थ्यांचा ओघ कमी झाला'. ओघ होता तेवढाच होता, फक्त तास आपटले. म्हणून फेब्रुवारीत मुलांच्या निवडी जमा झाल्या की वेळापत्रक करणाऱ्या व्हाइस प्रिन्सिपॉलकडे एकच विनंती करायची: एकुलत्या वर्गांची यादी काढा, आणि लॅटिनच्या मुलांनी त्यातले काय काय निवडले आहे ते आधी तपासून मग तास ठरवा. अर्ध्या तासाचे काम असते. कोणी मागत नाही म्हणून कोणी करत नाही.

तिसरी गोष्ट किमान संख्येची. बऱ्याच डिस्ट्रिक्टांत अमुक मुलांखाली वर्ग चालवायचा नाही असा नियम असतो. लॅटिनचा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा वर्ग या नियमात हमखास अडकतो. त्यावर दोन उपाय लेखी मागा. एक म्हणजे संख्या वर्गागणिक न मोजता पूर्ण विषयाची सरासरी धरणे. पाच वर्गांत मिळून शंभर मुले असतील तर त्यातला एक वर्ग नऊचा असला तर बिघडत नाही. दुसरा म्हणजे तिसरे आणि चौथे वर्ष एकत्र बसवणे, आणि एका वर्षी गद्य, पुढच्या वर्षी काव्य असा आलटून पालटून अभ्यासक्रम ठेवणे. फक्त एपीची मुले असली तर हा मेळ बिघडतो, कारण तिथे पाठ ठरलेले असतात. २०२५-२६ पासून एपी लॅटिनमध्ये सीझरच्या जागी धाकट्या प्लिनीची पत्रे आली आहेत, व्हर्जिलचे काव्य आहेच. वर्गात बसवायला प्लिनी सीझरपेक्षा सोपा जातो असे माझे मत. व्हेसुव्हियसचा उद्रेक स्वतः पाहिलेल्या माणसाचे पत्र सोळा वर्षांच्या पोराला वाचायला आवडते. सीझरची गॉलमधल्या छावण्यांची वर्णने सगळ्यांनाच आवडतात असे नाही.

आता शिक्षक. लॅटिनचे लायसन्सधारक शिक्षक थोडेच आहेत, ही तक्रार सगळीकडे आहे आणि खरी आहे. पण अर्ज येत नाहीत याचे एक कारण जाहिरातच वाईट असते. 'पार्ट-टाइम लॅटिन, ऑगस्टपासून' अशी जूनमध्ये निघालेली जाहिरात कोण वाचणार? दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीत असलेल्या शिक्षकाला सोडताना साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जाहिरात निघाली तरच चांगला माणूस हाती लागतो. जवळच्या विद्यापीठांचे क्लासिक्स विभाग, अमेरिकन क्लासिकल लीग, राज्यातली लॅटिन शिक्षकांची संघटना, इथे ती पोचली पाहिजे. शिवाय तुमच्या डिस्ट्रिक्टमध्येच इंग्रजी किंवा इतिहास शिकवणारा एखादा माणूस असतो ज्याने कॉलेजात चार वर्षे लॅटिन केलेले असते आणि ते कोणाला ठाऊकही नसते. तो परीक्षा देऊन लायसन्सवर लॅटिन जोडून घेऊ शकतो. एचआरला सांगा की सगळ्या शिक्षकांना एक ईमेल टाका. फुकट आहे, आणि यातून माणसे निघाल्याची उदाहरणे मला माहीत आहेत.

एवढे जमले तरी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यांत मोठा: वर्गात कोण बसणार?

'सरकारी शाळेत लॅटिन आहे' याचा अर्थ 'सगळ्यांना मिळते' असा होत नाही. बोस्टन लॅटिन स्कूल १६३५ पासूनची, सरकारी, आणि तिथे लॅटिन सक्तीचे. पण आत शिरायला प्रवेशाची चाळणी. ब्रुकलिन लॅटिन २००६ मध्ये सुरू झाली. तीही सरकारी, आणि तिथेही न्यू यॉर्कची ती प्रसिद्ध स्पर्धा-परीक्षा दिल्याशिवाय प्रवेश नाही. या शाळांबद्दल मला आदर आहे. पण साध्या हायस्कूलमध्येही हीच चाळणी चोरपावलांनी येते. काउन्सेलर म्हणतात, लॅटिन अवघड आहे, ऑनर्सच्या (वरच्या पातळीच्या वर्गांतल्या) मुलांनाच घ्या. मग इंग्रजी अजून शिकत असलेला एल साल्वादोरचा मुलगा, आयईपी (विशेष गरजांसाठीचा वैयक्तिक शिक्षण-आराखडा) असलेली मुलगी, गणितात सी मिळवणारा मुलगा यांना विषय निवडायच्या फॉर्मवर लॅटिन दिसतच नाही.

ही चाळणी नवी नाही. वॉशिंग्टनमध्ये एम स्ट्रीट हायस्कूल नावाची कृष्णवर्णीय मुलांची सरकारी शाळा होती. गुलामगिरीत जन्मलेल्या अॅना ज्युलिया कूपर तिथे लॅटिन शिकवत. १९०२ मध्ये त्या प्रिन्सिपॉल झाल्या. तो काळ असा, की कृष्णवर्णीय मुलांना हातकाम शिकवा, त्यांना लॅटिन कशाला, असे भलेभले म्हणत होते. बाईंनी अभिजात अभ्यासक्रम सोडला नाही आणि त्यांची मुले हार्वर्ड, ब्राउनमध्ये गेली. १९०६ मध्ये त्यांना पदावरून घालवले. चार वर्षांनी त्या त्याच शाळेत परत आल्या, पुन्हा लॅटिन शिकवायला. डॉ. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, हे ठाऊक असलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. म्हणून तुमच्या मागणीपत्रात एक ओळ अवश्य घाला: 'लॅटिन १' ला कसलीही पूर्वअट नको, शिक्षकाची शिफारस नको, ऑनर्सचा शिक्का नको. ही ओळ न घालता वर्ग सुरू झाला तर दोन वर्षांत तो पंधरा हुशार मुलांचा होतो, आणि पंधरांचा वर्ग किमान संख्येच्या नियमात मरतो. न्याय आणि हिशोब या बाबतीत एकाच बाजूला आहेत, तेव्हा बोर्डाला जो पटेल तो सांगा.

मुलांना झेपते का? पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर लिहिते, 'कानिस होमिनेम मोर्देत', कुत्रा माणसाला चावतो. मग शब्दांची जागा बदलते: 'होमिनेम कानिस मोर्देत'. आता कोण कोणाला चावतो? इंग्रजीच बोलत वाढलेली हुशार मुले छातीठोक सांगतात, माणूस कुत्र्याला. मागच्या बाकावरचा पोलिश मुलगा मान हलवतो. त्याच्या घरच्या भाषेत शब्दाच्या शेवटावरून कर्ता-कर्म कळते, जागेवरून नाही. आपली मराठी मुलेही इथे चटकन पकडतात, 'माणसाला कुत्रा चावतो' म्हटले म्हणून काही माणूस चावत नाही. आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना 'होमिनेम' मध्ये ओम्ब्रे आणि 'मोर्देत' मध्ये मुएर्दे ऐकू येतो. ऑनर्सच्या मुलांना त्या दिवशी बाकीच्यांकडे बघून लिहावे लागते. लॅटिन कोणाच्याच घरची भाषा नसल्याने सगळे एका रेषेवर उभे राहतात, हा या विषयाचा मोठा गुण. अस्खलित बोलायची परीक्षा नसते, वाचायचे असते, त्यामुळे चारचौघांत बोलायला बिचकणारी मुलेही टिकतात.

टिकतात, पण शिकवण्याची पद्धत जुनी नसेल तर. महिनाभर नुसती रूपे घोकायला लावली की नाताळपर्यंत वर्ग अर्धा होतो. पॉम्पेईच्या एका सावकाराच्या घरातल्या गोष्टींमधून भाषा शिकवणारे पाठ्यपुस्तक इथे खूप चालते. तो सावकार, लुकिउस काएकिलिउस इउकुंदुस, खराखुरा होता. त्याच्या घरातून १८७५ मध्ये हिशोबाच्या मेणपाट्या निघाल्या. बाराव्या पाठापर्यंत मुलांना त्याच्या कुत्र्याची काळजी लागलेली असते. शिक्षक निवडताना मुलाखतीत त्याला एक नमुना तास घ्यायला लावा, आणि तो ऑनर्सच्या वर्गावर नको, साध्या नववीच्या वर्गावर.

आता पुराव्यांबद्दल, कारण बोर्डावर एखादा तरी वाचलेला माणूस असतो. लॅटिनची मुले एसएटीत पुढे असतात हे खरे; पण ती आधीच पुढे असतात. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२४ मध्ये हजारो हायस्कूल विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन दाखवले, की लॅटिनने सर्वसाधारण विचारशक्ती इतर विषयांहून जास्त वाढते असे काही दिसत नाही. २००३ मध्ये हाग आणि श्टेर्न या जर्मन संशोधकांनी स्पॅनिश शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांचे दोन गट तपासले, एक आधी लॅटिन शिकलेला, दुसरा फ्रेंच. स्पॅनिशमध्ये फ्रेंचवाले सरस ठरले. तेव्हा 'लॅटिन आले की सगळ्या भाषा सोप्या' हे सभेत बोलू नका. कोणीतरी हाच अभ्यास काढून दाखवेल. टिकणारा दावा छोटा आहे: इंग्रजी शब्दांशी धागा जोडून मुद्दाम शिकवले तर लॅटिनने इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो. फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गरीब वस्त्यांतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना रोज थोडा वेळ असे लॅटिन शिकवले आणि शब्दसंग्रहाच्या चाचण्यांत ती मुले पुढे गेलेली दिसली. यातला 'मुद्दाम' हा भाग महत्त्वाचा. तो न करता नुसती भाषांतरे करून घेतली तर फायदा आपोआप उगवत नाही.

पण खरे सांगू का, मी स्वतः उपयोगाचा मुद्दा दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिला मुद्दा साधा आहे: रस्त्यापलीकडे फी भरणाऱ्यांच्या मुलांना जे मिळते ते इथल्या मुलांनी मागितले तर 'ते तुमच्यासाठी नाही' असे म्हणायचा अधिकार कोणाला आहे? ऑर्केस्ट्राने एसएटी वाढते का असे कोणी विचारत नाही.

पैशाबद्दल एक सावधगिरी, तीही इंग्लंडच्या ताज्या अनुभवावरून. तिथे २०२१ मध्ये सरकारनेच जाहीर केले की सरकारी शाळांपैकी जेमतेम २.७ टक्के शाळांत ११ ते १४ वर्षांच्या मुलांना लॅटिन शिकवले जाते, आणि खाजगी शाळांपैकी ४९ टक्क्यांत. दरी बुजवायला ४० सरकारी शाळांसाठी ४० लाख पौंडांची योजना आली, २०२२ मध्ये वर्ग सुरू झाले. सरकार बदलले, आणि २०२४ च्या डिसेंबरात कळवले गेले की पैसा फेब्रुवारीत बंद. शैक्षणिक वर्ष मध्यावर, काही मुलांची जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा, काही महिन्यांवर. शाळांची धावपळ झाली. योजनेचा हेतू चांगला होता, पण शिक्षकाचा पगार बाहेरच्या, मुदतीच्या पैशावर टांगलेला होता. तुमच्याकडे एखादा सधन पालक किंवा फाउंडेशन म्हणेल, पहिली दोन वर्षे आम्ही पगार देतो. आभार माना आणि तो पैसा पुस्तकांना, शिक्षकाच्या प्रशिक्षणाला, लॅटिन-ग्रीक शिकणाऱ्या मुलांच्या ज्युनियर क्लासिकल लीगच्या अधिवेशनाला जाणाऱ्या मुलांच्या बसभाड्याला वापरा. पगार डिस्ट्रिक्टच्या नियमित बजेटमधूनच हवा, भले पहिल्या वर्षी तो दोनच तासांचा का असेना.

आता क्रम सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर म्हटली ती कागदपत्रे मिळवा आणि वर्ल्ड लँग्वेजेसच्या सुपरवायझरला भेटा, बोर्डाला नंतर. त्या व्यक्तीला वगळून थेट बोर्डाकडे गेलात तर ती वर्षभर आडवी येईल, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. तिला भीती असते की लॅटिन आले तर फ्रेंचचे वर्ग बसतील. ही भीती रास्त आहे. मुले तीच आणि तेवढीच असतात. म्हणून लॅटिन दुसरी भाषा म्हणूनही घेता येईल असे सुचवा, म्हणजे स्पॅनिश चालू ठेवून इलेक्टिव्हच्या तासाला लॅटिन. पुढच्या वर्षीची पुस्तिका हिवाळ्याच्या सुट्टीआधी ठरते, त्यात नाव यायला हवे. जानेवारी-फेब्रुवारीत मुले विषय निवडतात. मार्चमध्ये बजेट मांडले जाते. बोर्डाच्या बैठकीत बोलायला प्रत्येकाला काही मिनिटेच मिळतात; तिघे बोला, तिघांनी वेगळे बोला, आणि त्यातला एक पालक मराठी किंवा भारतीय नसावा. हे शेवटचे स्पष्टच लिहिते. 'ही त्या लोकांची मागणी' असा शिक्का बसला की एक दार बंद होते.

सह्या गोळा करताना नववी-दहावीच्या पालकांच्या घेऊ नका. त्यांची मुले विषय मूळ धरेपर्यंत निघून जातील, आणि सुपरिंटेंडंटला ते कळते. आज सहावी, सातवी, आठवीत असलेल्या मुलांची यादी करा: नाव, इयत्ता, पालकाची सही, 'लॅटिन १ लावले तर घेऊ'. न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला परकीय भाषेची पाच क्रेडिट लागतातच, म्हणजे या मुलांना कुठली तरी भाषा घ्यायचीच आहे. शाळेवर नव्या मुलांचा बोजा येत नाही, असलेली मुले वाटली जातात. शिवाय मिडल स्कूलमध्ये आधीच स्पॅनिश झालेली मुले नववीत 'स्पॅनिश २' ला बसतात, त्यांना काउन्सेलर सांगतात की कॉलेजला एकाच भाषेची सलग वर्षे लागतात, बदलू नका. सल्ला चुकीचा नाही, पण नववीत सुरू करून चार वर्षे लॅटिन केले तरी ती सलग चारच वर्षे होतात. हे आठवीच्या पालकसभेत कोणीतरी उभे राहून सांगितले पाहिजे. तुम्ही सांगा. सील ऑफ बायलिटरसीसाठीही (दोन भाषा येत असल्याच्या शालेय प्रमाणपत्रासाठी) लॅटिन चालते, त्याची वेगळी वाचन-परीक्षा आहे, हेही तिथेच सांगता येईल.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. सगळे सुरळीत झाले तरी पुढच्या सप्टेंबरआधी वर्ग सुरू होत नाही, म्हणजे ती दहावीत असेल. तेव्हा 'लॅटिन १' घेतले तर बारावीपर्यंत तीन वर्षे मिळतील, तीही पुरेशी आहेत. यंदाच सुरू करायचे असेल तर ऑनलाइन वर्ग बघा. काही राज्यांनी स्वतःच्या ऑनलाइन शाळांतून लॅटिन चालवले आहे, व्हर्च्युअल व्हर्जिनियाचे उदाहरण बोर्डालाही दाखवण्यासारखे आहे. खाजगी संस्थांचेही वर्ग असतात. न्यू जर्सीत 'ऑप्शन टू' नावाची तरतूद आहे, तिच्याखाली शाळेबाहेरच्या शिक्षणाला शाळेचे क्रेडिट मिळू शकते. फक्त अर्ज आधी, वर्ग नंतर. काउन्सेलरकडून कोर्सचे नाव, क्रेडिटची संख्या आणि ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) येणार की नुसते 'पास' हे लेखी घ्या, प्रिन्सिपॉलची सही घ्या, मगच फी भरा. वर्ग आधी करून मग क्रेडिट मागायला गेलेल्यांना शाळा नाही म्हणू शकते, आणि म्हणतेही.